म्हातारा ढब्बू वाटीपर्यंत येतो, हुंगतो आणि परत फिरतो. काय खायला घालू?

ढब्बूची_आई (ऐरोली)

नमस्कार मंडळी. आमचा ढब्बू पांढरा स्पिट्झ आहे, १३ पूर्ण. जन्मभर खादाड. कुकरची शिट्टी झाली की ओट्याखाली हजर, कोथिंबिरीची काडी पडली तरी उचलणार. अलीकडे मात्र जेवणाच्या नावाने बोंब आहे.

वाटी ठेवली की येतो, शेपूट हलवतो, हुंगतो. एखादा घास उचलतो, मान एका बाजूला वाकडी करून चावतो आणि निम्मा खाली पाडतो. मग ओठ चाटत बसतो आणि चपलांच्या स्टँडपाशी जाऊन पडतो. ड्राय फूडला तर तोंडच लावत नाही. सासरे म्हणतात, म्हातारपणी नखरे वाढतातच (त्यांचेही वाढलेत, ते असो). ते त्याला चहात बुडवून ग्लुकोज बिस्किटं देतात, सासूबाई तूप-पोळीचे घास भरवतात. तेवढं खातो. पाणी मात्र ढसाढसा पितो आणि पहाटे शू करायला गॅलरीचं दार उघडून द्यावं लागतं. वजन ९ किलोवरून ८ वर आलंय. ग्रूमरने उजव्या डोळ्याखाली जरा फुगल्यासारखं दाखवलं, किडाबिडा चावला असेल म्हणाला.

घरात मासे-मटण सगळं चालतं, करायचीही तयारी आहे. काय दिलं तर खाईल? आणि कृपया "उपाशी ठेवा, झक मारत खाईल" हे सांगू नका, ते शेजारच्यांनी सांगून झालंय.

खारघर_रायडर

आमच्याकडे कोंबडीच्या रश्श्यात भात कुस्करून देतो, चाटूनपुसून खातो. म्हाताऱ्या तोंडाला चमचमीत लागतं हो. ट्राय करा.

नौपाडा_काकू

खारघरवाले, रश्श्यात कांदा-लसूण असणारच. दोन्ही कुत्र्यांना विषारी. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि परिणाम लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. तुमचा मोठा, दणकट असेल म्हणून निभावतंय. आठ किलोच्या म्हाताऱ्यावर हा प्रयोग नको, आणि तुमच्यावरही बंद करा.

अगं ढब्बूच्या आई, तुझं उत्तर तूच लिहून ठेवलंयस. नखरेल कुत्रं चिकन वेचून खातं आणि भात ठेवतं. तुझा घास तोंडात घेतो, एका बाजूने चावतो आणि पाडतो. म्हणजे भूक आहे, तोंड दुखतंय. मऊ पोळी जाते, कडक दाणे जात नाहीत, हेही त्यातच आलं. आणि ती डोळ्याखालची सूज मला मुळीच आवडलेली नाही. वरच्या जबड्यात मागे एक मोठी दाढ असते, तिची मुळं जवळजवळ डोळ्याखालपर्यंत पोचतात. दाढ तडकून मुळाशी पू झाला की फुगवटा नेमका तिथे येतो. दुपारच्या उजेडात ओठाचा मागचा कोपरा हलकेच वर उचलून बघ. पिवळ-तपकिरी थर, लाल हिरडी, घाण वास, काय दिसतं ते. जबडा उघडायला जाऊ नकोस, दुखऱ्या तोंडाचं गरीब कुत्रंसुद्धा चावतं.

दुसरं म्हणजे ओठ चाटत बसणं. समोर अन्न असताना तोंड फिरवून ओठ चाटणं हे पुष्कळदा मळमळीचं लक्षण असतं. वर तहान वाढलीय, लघवी वाढलीय, वजन उतरलंय. या वयात किडनी बघायलाच हवी, लिव्हर आणि साखरही. रक्त काढतातच आहेत तर गोचीड तापाचंही बघून घ्यायला सांग. आपल्याकडे गोचिडी बारा महिने असतात आणि त्या तापातही पहिली भूकच मरते.

तेव्हा आधी डॉक्टर, मग रेसिपी. रविवारची वाट बघू नकोस. तपासायच्या आधीच "वय झालं हो" म्हणणारा भेटला तर उठून दुसरा गाठ. ठाण्यात, वाशीत सोनोग्राफीपर्यंत सगळं होतं. अगदीच अडलं तर परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल आहे, १८८६ चं व्हेटर्नरी कॉलेज तिथेच आहे. लांब पडतं आणि रांगही असते, पण तिथल्या डॉक्टरांच्या हाताखालून एवढी जनावरं जातात की नजर तयार असते. मधल्या काळात चोवीस तास पोटात काहीच गेलं नाही, उलट्या सुरू झाल्या, पाणीही बंद झालं किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता उचलून न्यायचं. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन अजिबात द्यायची नाही. माणसाच्या गोळ्यांनी कुत्री मरतात.

कोपरखैरणेकर

काकूंशी सहमत. आमच्या लॅब्राडोरला किडनीचा त्रास होता, म्हणून एक सांगतो. डॉक्टरकडे जायच्या आधी पाणी मोजा. "ढसाढसा" ऐकून त्यांना काही कळत नाही. सकाळी लिटरची बाटली भरून ठेवायची, भांड्यात त्यातलंच ओतायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं बघायचं. बादलीला, कुंड्यांच्या बशांना तोंड लावू द्यायचं नाही. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर म्हणजे नक्की जास्त. तुमच्या ८ किलोला ८०० मिली झाले. सकाळची पहिली लघवीही स्वच्छ डबीत धरून न्या. धरायला वरणाचा लांब दांड्याचा डाव उत्तम (नंतर तो स्वयंपाकघरात परत आणायचा नाही, आमच्याकडे यावरून महाभारत झालंय).

ढब्बूची_आई (ऐरोली)

काकू, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणायचं की काय कळेना. दाढच निघाली. उजवीकडची वरची, उभी चिरलेली, एक्सरेत मुळाशी काळा डाग. डॉक्टर म्हणाले, चघळायला कडक हाड दिलेलं असेल. दिलं होतंच, ते बाजारात कुत्र्यांसाठीच विकतात. क्रिएटिनीन (रक्तातला किडनीचा आकडा) १.९ आलंय. साखर ठीक, गोचीड ताप नाही, हृदय ठीक. पाणी मोजलं तर ८५० मिली. अँटिबायोटिक आणि मळमळीचं इंजेक्शन दिलंय, दाढ काढायची म्हणतात. सासूबाई ऐकायला तयार नाहीत, या वयात भूल कशी द्यायची म्हणून. आमचा ग्रूमर म्हणतो, भूल न देताच दात खरवडून साफ करून देतो. आणि तोवर खायला काय घालू? किडनीचं खास फूड दिलंय त्याला तर तो शिंकतोय.

कोपरखैरणेकर

१.९ ला घाबरू नका, पण कानाडोळाही नको. किडनीच्या ज्या चार पायऱ्या डॉक्टर सांगतात त्यात १.४ ते २.८ ही दुसरी. आकडा पक्का कळायला अंगात पाणी नीट असताना पुन्हा तपासणी करतात, लघवीतलं प्रोटीन आणि बीपी बघतात, ते विचारून घ्या.

आणि ते किडनीचं फूड सध्या त्याच्यासमोरून उचला. फूड चांगलंच असतं, फॉस्फरस कमी असतो, पुढे त्याचाच उपयोग होणार आहे. पण मळमळत असताना जे पुढे करावं त्याचा कुत्र्याला कायमचा तिटकारा बसतो. तब्येत सुधारली की आवडीच्या जेवणात चमच्याने मिसळत न्यायचं. आज त्याने काहीतरी खाणं महत्त्वाचं. कडू गोळीही जेवणात लपवू नका, सगळी वाटी नासते. वेगळ्या लहानशा गोळ्यात घालून द्या किंवा थेट जिभेच्या मुळाशी ठेवून वर सिरिंजने थोडं पाणी पाजा.

नौपाडा_काकू

सासूबाईंना सांग की भूल वय बघून नाकारत नाहीत, रक्त आणि हृदय बघून ठरवतात, आणि ते बघून झालंय. किडनीसाठी आधी आणि मधे सलाईन लावतात. ते लावणार ना, मधे बीपी बघणार ना, हे दोन प्रश्न डॉक्टरांना तूच विचार. कुजलेली दाढ तशीच ठेवली तर दुखणं तर आहेच, शिवाय पू शरीरात मुरत राहतो. ग्रूमरला म्हणावं तू केस काप. भूल न देता वरवरचं पांढरं दिसतं, हिरडीच्या खालची घाण तिथेच राहते, आणि चिरलेली दाढ खरवडून बरी होत नाही.

आता खाणं. कुत्र्याला चवीपेक्षा वास जास्त कळतो. त्याच्या जिभेवर चवीचे ठिपके साधारण १७००, आपल्या जिभेवर नऊ हजारांच्या घरात. म्हातारपणी नाकही मंदावतं. म्हणून फ्रीजमधली थंडगार वाटी पुढे ठेवली की त्याला तिथे काही आहे असंच वाटत नाही. अन्न त्याच्या अंगाइतकं, म्हणजे ३८-३९ अंशांपर्यंत कोमट कर. बाळाच्या दुधासारखा थेंब मनगटावर टाकून बघ. मायक्रोवेव्ह केलंस तर ढवळ, मधेच एखादी जागा चटका देणारी असते आणि त्या तोंडाला आता चटका नको.

तांदूळ चौपट पाण्यात मऊ गुरगुट्या शिजव. बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकड, मीठ नाही, मसाला नाही. लाल भोपळ्याची एक फोड त्यातच टाक. मिक्सरमधून एकदाच फिरव. दाणेदार राहिलं पाहिजे, पिठलं झालं तर टाळूला चिकटतं. उकडलेलं पाणी फेकू नकोस, वाढताना वरून गरम ओतायचं, वास त्याचाच सुटतो. चिकनचं प्रमाण किती ते १.९ सांगून डॉक्टरांकडून ठरवून घे. अंड्याचा पांढरा बलक किडनीवाल्याला बरा, त्यात फॉस्फरस कमी. कलेजी, सुकी मासळी नको.

पसरट ताटली घे, खोल वाटीत तोंड घालायला दुखतं. ताटली पाटावर ठेव म्हणजे मान फार वाकवावी लागणार नाही, आणि पुढच्या पायांखाली पायपुसणं टाक. तुमच्याकडेही त्या गुळगुळीत टाइल्स असणार, म्हाताऱ्याचे पाय मागे सरकत राहतात आणि तो कंटाळून निघून जातो. दिवसातून चारदा थोडं थोडं. वीस मिनिटांनी ताटली उचलायची, आणि सगळ्या घराने भोवती बसून "खा रे राजा" करायचं नाही. कुत्र्याला ते दडपण येतं.

बाबांच्या बिस्किटांचं गणित मांडून दाखव. ८ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला ३३० च्या आसपास कॅलरी लागतात. एका ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस. दिवसभरात सहा सारली की जवळजवळ निम्मी भूक साखर-मैद्यावर भागली, मग तुझ्या भाताकडे तो कशाला बघेल? चहातल्या कॅफीनचाही त्याला उपयोग नाही, अपायच. बाबांचं मन मोडायचं नसेल तर उकडलेल्या चिकनचे चार तुकडे काढून ठेव, तेच त्यांच्या हातून दे. तुपाला माझी हरकत चमचाभरापलीकडे आहे. एवढ्या स्निग्धाने म्हाताऱ्या कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं, आणि ते दुखणं दाढेहून वाईट.

सासूबाई हाताने भरवतायत ते दाढ निघेपर्यंत चालू दे. नंतर ताटलीत घालून हात फक्त ताटलीपाशी ठेवायचा, मग तोही काढायचा. नाहीतर त्या दोन दिवस पुण्याला गेल्या की हा उपोषणाला बसेल.

खारघर_रायडर

रस्सा बंद केला काकू. भूक लागायची गोळी मिळते ना पण? मित्राच्या कुत्र्याला दिली होती.

कोपरखैरणेकर

मिळते, मिर्टाझापिन देतात काही डॉक्टर. पण किडनीवाल्याला डोस वेगळा लागतो आणि मूळ दुखणं तसंच ठेवून भूक वाढवण्यात काय अर्थ? मेडिकलमधून परस्पर आणू नका.

ढब्बूची_आई (ऐरोली)

अपडेट. दाढ निघाली, शेजारची एक हलत होती तीही काढली. संध्याकाळी घरी आणला तेव्हा दारुड्यासारखा झोकांड्या खात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावरचं अर्धं ताट संपवलं, बाबांकडे बिस्किट मागायलाही गेला. त्यांनी इमानदारीत चिकनचा तुकडा दिला. सूज उतरतेय. पाणी अजून जास्तच पितो, पुढच्या महिन्यात परत रक्त काढायचंय.

आता प्रश्न सासूबाईंचा आहे. दिवा कोळीवाड्याची मावशी दारावर येते, तिच्याकडे मांदेली छान आलीय. ती उकडून दिली तर चालेल का?

नौपाडा_काकू

मांदेली नको, काटे वेचता वेचता सासूबाई दमतील आणि एखादा राहिलाच तर टाक्यांत घुसेल. मावशीकडून रावस किंवा सुरमईचा जाड तुकडा घे. पाण्यात उकडायचा, मीठ-कोकम काही नाही. मधला काटा काढून प्रत्येक घास बोटांत चाचपायचा. आधी चमचाभरच दे, पोट बिघडलं नाही तर आठवड्यातून दोनदा. टाके विरघळेपर्यंत सगळं मऊच, आणि ते कडक हाड कचऱ्यात टाक, शेजारच्यांच्या कुत्र्याला देऊ नकोस.