रस्त्याला लागूनच्या बागेत बसून खरंच डोकं शांत होतं का?

भणभण: ऑफिसातून निघालो की डोकं अक्षरशः भणभणत असतं. वाटेत एक बाग लागते, झाडं मस्त आहेत पण रस्त्याला खेटूनच, त्यामुळे हॉर्न काय, बसचे ब्रेक काय, सगळं आत ऐकू येतं. तरी तिथे टेकण्यात काही अर्थ आहे का, की सरळ घर गाठून खिडक्या लावून पडावं?

कानोसा: अर्थ आहे, फक्त झाडं आवाज अडवतात हे डोक्यातून काढून टाका. एक-दोन रांगांनी काही होत नाही, पानांतून आवाज आरपार येतो, चांगला ३० मीटरचा पट्टा खालच्या झुडपांसकट दाट असला तरच काही डेसिबल कमी होतात. त्यापेक्षा अंतर वाढवा, मधे भिंत किंवा मातीचा उंचवटा असेल तर त्याच्या आडोशाला बसा. फायदा होतो तो डोळ्यांमुळे. उलरिच नावाच्या संशोधकाचा १९८४ चा अभ्यास बघा, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. नुसतं दिसण्यावर एवढं!

उगाच_आलो: मग घरीच झाडांचा फोटो लावतो की भिंतीवर 😀

घुबड: हसताय, पण १९९१ मध्ये त्याच उलरिचने १२० जणांना आधी ताण देणारी फिल्म दाखवली आणि मग कुणाला निसर्गाचे, कुणाला शहरातले व्हिडिओ. निसर्गवाले लवकर सावरले, स्नायूंचा ताण वगैरे मोजून बघितलं होतं. आता आवाजाचं. स्वीडनमध्ये २०१० साली ४० जणांना तोंडी गणितं घालून घामाघूम केलं आणि नंतर एकदा कारंजं-पक्षी आणि एकदा रहदारी असे आवाज ऐकवले. त्वचेवरच्या घामाचं माप निसर्गाच्या आवाजात लवकर खाली आलं, हृदयाच्या ठोक्यांच्या मापात मात्र तसा फरक दिसला नाही, त्यामुळे लगेच नाचायला नको.

कानोसा: कारंज्यावरून आठवलं, न्यूयॉर्कचं पेली पार्क, १९६७ चं, इमारतींच्या बेचक्यात एवढंसं आणि मागे २० फुटी धबधबा. तिथे डेसिबल कमी होत नाहीत, उलट भर पडते! पण पाण्याच्या सलग आवाजात गाड्या बुडून जातात आणि कानाला पाणी ऐकण्याचा त्रास होत नाही. बसची खालच्या पट्टीतली घरघर तशी बुडत नाही हां.

भणभण: आमच्याकडे कारंजं आहे पण कोरडं ठणठणीत, त्याच्या कठड्यावर पोरं मोबाईल बघत बसलेली असतात. हेडफोनवर पावसाचा आवाज लावून बसलो तर?

घुबड: चालेल, पण आवाज बारीक ठेवा, रस्त्याला हरवायला म्हणून वाढवत गेलात तर कानाची वाट. आणि रस्त्याकडे पाठ करून बसा, गाड्या दिसत राहिल्या तर डोळ्यांना कसली विश्रांती.