एकोणतीसच्या नावातच युक्ती आहे

एकोणतीसचा पाढा घोकंपट्टीशिवाय येतच नाही असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. 'एकोणतीस' म्हणजे तीसला एक कमी, नावातच वाट दाखवलीय की. एकोणतीस सक हवे असतील तर तीस सक एकशे ऐंशी, त्यातून सहा काढा, झाले एकशे चौऱ्याहत्तर.

हे माझ्या लक्षात आलं ते भाचीमुळं. ती खानापुरात कन्नड माध्यमात शिकते. शाळेत मग्गी, म्हणजे कन्नडमधले पाढे, आणि घरी आजीकडं मराठी पाढे. शेंगा फोडताना ती 'हत्तोंबत्तु मूर्ल ऐवत्तेळु' म्हणाली आणि आजीनं लगेच 'एकोणीस त्रिक सत्तावन्न' जोडलं. 'हत्तोंबत्तु' म्हणजे दहा नि नऊ, त्यात 'एकोणीस'सारखा वीसचा पत्ताच नाही. 'ऐवत्तेळु' मात्र सरळ पन्नास नि सात, लिहिताना आकडे उलटत नाहीत. मराठीत 'सत्तावन्न' म्हणताना सात आधी येतो, म्हणून ती कितीदा तरी ७५ लिहायची. आता आम्ही तिच्याकडून पाढा मराठीत म्हणवून घेतो आणि उत्तर लिहिण्याआधी एकदा कन्नडमध्ये बोलायला लावतो. वहीतल्या खाडाखोडी खरंच कमी झाल्यात. सतरा नि सत्तावीसला नावाची ही मदत नाही, ते पाठच करावे लागतात.