‘ग्रेझिंग प्रेशर’ला दाब म्हणावं की भार?

भूमध्य समुद्राभोवतीच्या चराईवरचा लेख मराठीत आणतेय. ‘ग्रेझिंग प्रेशर’ला ‘चराईचा दाब’ लिहिलं, पण खटकतंय. आणि ‘रेंजलँड’ला, म्हणजे जनावरं चरतात त्या नैसर्गिक रानाला, गायरान चालेल का?

– गायरान नको. गायरान म्हटलं की गावाची सामाईक जमीन, तलाठ्याचं दप्तर, अतिक्रमण, सगळंच डोळ्यापुढे येतं. स्पेनमधल्या एस्त्रेमादुराची ‘देहेसा’ बहुतेक खाजगी असते. वर विरळ ओक, खाली गवत, आणि पानगळीच्या दिवसांत ओकच्या फळांवर डुकरं पोसतात. झाडं असल्यामुळे माळरानही म्हणता येत नाही. सरळ ‘चराऊ रान’ लिहा.

– ‘दाब’ म्हटलं की जास्तच वाटतो. भूमध्य समुद्राच्या उत्तरेकडच्या डोंगरांत उलट झालंय. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावं ओस पडली, कळप गेले, झुडपं माजली, वणव्यांना सरपण मिळालं. हे ‘दाब घटला’ असं लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, बरं झालं. त्यापेक्षा ‘चराईभार’ घ्या.

– दाब कमीजास्त होत नाही? रक्तदाबाचं काय मग?

– दोन्ही शब्द लागतील. हेक्टरी किती जनावरं, हा भार. जनावरांच्या मानाने चारा किती, यावर दाब. पाऊस दडी मारतो तेव्हा कळप तेवढाच राहतो, पण दाब वाढतो. ग्रीस 1981 साली युरोपीय समुदायात आला आणि तिथल्या क्रीट बेटावर मेंढ्या-शेळ्यांवर डोकी मोजून अनुदान मिळू लागलं. डोकी मोजली, गवत कुणी मोजलं नाही. ब्रसेल्समधल्या समुदायाच्या कचेरीत बसून अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणं! युरोपच्या शेती धोरणातल्या 2003च्या सुधारणांनंतर अनुदानाची डोक्यांशी बांधलेली गाठ बरीचशी सुटली.

– थोडं अवांतर. मेंढी चरते, शेळी खुडते. लेखात शेळ्या असतील तर सगळीकडे ‘चरणं’ लिहू नका. क्रीटमधला काटेरी ओक शेळ्यांनी वर्षानुवर्षं खुडून गुडघाभर उंचीचा, उशीसारखा गच्च गोळा झालेला असतो. एखादा शेंडा शेळीच्या तोंडापलीकडे गेला की तेवढाच सरळ वर वाढतो. खाली गोळा, वर झाड.

– हे छान सापडलं. ‘चराऊ रान’ घेतलं, आणि माझा ‘दाब’ही राहिला. आता लेखातला प्रत्येक आकडा तपासते. दोन ठिकाणी मी भारालाच दाब म्हटलंय.