तान्ह्या बाळाची सेंट्रल लाइन: मानेतून की कॉलर बोनच्या वरून?

रात्रपाळी:
बाळाला सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, टाकायची म्हटलं की हात आपोआप मानेकडे, आयजेव्हीकडे (मानेतल्या मोठ्या शिरेकडे) जातो. मोठ्यांवर शिकलो, तेच बाळावर. माझं मत असं की अल्ट्रासाऊंड हाताशी असेल तर पहिली पसंती कॉलर बोनच्या वरून दिसणाऱ्या ब्रॅकिओसेफॅलिक शिरेला (छातीच्या वरच्या भागातल्या मोठ्या शिरेला) द्यावी, शक्यतो डाव्या.

कारण साधं आहे. मान आखूड, आयजेव्ही जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, प्रोब (अल्ट्रासाऊंडचा हातात धरायचा भाग) जरा जड पडला की स्क्रीनवरून गायब. सुई टेकली की वरची भिंत दबून खालच्या भिंतीला चिकटते. रक्त काही येत नाही, म्हणून आपण आणखी पुढे जातो. मग मागे घेताना सिरिंजमध्ये भसकन रक्त! म्हणजे आरपार जाऊन परत आलो. ब्रॅकिओसेफॅलिक आजूबाजूच्या ऊतींनी धरून ठेवलेली असते. बाळ कोरडं पडलं तरी ती सहसा मिटत नाही. डावी तर आडवी धावते, म्हणून ती लांबीत दिसते आणि इन-प्लेन, म्हणजे प्रोबच्या लांबीच्या रेषेत, जाणारी अख्खी सुई डोळ्यांसमोर राहते.

दाबून_धरा:
असहमत. मानेत कॅरोटिड (आयजेव्हीशेजारची धमनी) टोचली तर बोट ठेवून दाबता येते. तुमची शीर छातीत. तिथे धमनीला लागलं तर दाबणार कुठे? रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट 20 हजारांपर्यंत घसरलेल्या बाळात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. खाली प्ल्युरा (फुफ्फुसाचं आवरण) आहेच. शिवाय डावीकडून आलेल्या कॅथेटरचं (नळीचं) टोक एसव्हीसीच्या, म्हणजे हृदयात उघडणाऱ्या वरच्या महाशिरेच्या, उजव्या भिंतीवर टेकून राहू शकतं.

आणि आयजेव्ही चपटी होते ती बरेचदा आपल्याच घाईने. खांद्यांखाली छोटी घडी, डोकं थोडं खाली, यकृतावर हलका हात, एवढं केलं की तीच शीर फुगते. मान फार वळवायची नाही, नाहीतर शीर कॅरोटिडच्या वर चढून बसते.

नवखी_रजिस्ट्रार:
माझी अडचण वेगळीच. आउट-ऑफ-प्लेनमध्ये (सुई प्रोबला आडवी असताना) पांढरा ठिपका दिसतो, मी म्हणते टोक सापडलं. सर म्हणतात, ती दांडी आहे, टोक केव्हाच पुढे गेलं.

रात्रपाळी:
ठिपका दिसला की सुई थांबवा. प्रोब किंचित पुढे सरकवा, ठिपका नाहीसा होईल. आता सुई पुढे न्या, तो परत दिसेपर्यंत. शिरेच्या आत ठिपका आला तरी हेच दोन-तीनदा करा, मगच सुईतून वायर (जिच्यावरून नंतर कॅथेटर सरकवतात).

@दाबून_धरा, रक्तस्रावाचा मुद्दा मान्य, अशा बाळात मीही मानेतच जाईन. पण तो अपवाद आहे, त्यावरून नियम ठरवू नका. प्ल्युरा दिसते म्हणून तर इन-प्लेन!

दाबून_धरा:
दिसते, हात स्थिर असेल तर. प्रोब एक मिलिमीटर सरकला की स्क्रीनवरची सुई अर्धीच उरते, आणि उरलेली कुठे आहे हे आपण मनाने ठरवतो. रात्री तीन वाजता नवख्याच्या हातात हा धोका मला नको.

भूलवाली_मावशी:
दोघंही आधी शीर मोजा हो! कॅथेटरची जाडी फ्रेंचमध्ये मोजतात; 3 फ्रेंच म्हणजे 1 मिमी, 4 फ्रेंच म्हणजे साधारण 1.3. कॅथेटरने शिरेच्या रुंदीचा तिसरा हिस्सा व्यापावा, त्याहून जास्त नको, असा आमचा हिशोब. तीन मिमीच्या आयजेव्हीत 4 फ्रेंच कोंबलीत की गुठळीला आमंत्रण. म्हणून बहुतेकदा मी रात्रपाळींच्या बाजूने, कारण तिकडची शीर जाड असते.

ब्रिटनच्या नाइस या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने 2002 मध्येच आयजेव्हीसाठी, मुलांतही, अल्ट्रासाऊंडची शिफारस केली होती. तरी अजून कुणी प्रोबने मानेवर खूण करतो, प्रोब बाजूला ठेवतो आणि आंधळेपणाने टोचतो. त्याला मी अल्ट्रासाऊंड म्हणत नाही.

नवखी_रजिस्ट्रार:
आणि वायर गेल्यावर?

भूलवाली_मावशी:
डायलेटर (कॅथेटरसाठी वाट रुंद करणारी जाड नळी) हातात घेण्याआधी वायर लांबीत बघ. शिरेतच आहे, धमनीत नाही, हे डोळ्यांनी दिसेपर्यंत डायलेटर ट्रेमध्येच.