बंदूक घडवणाऱ्यांत सगळ्यात मोठा कोण? माझं मत ब्राउनिंगला

वणीकर
परवा रात्री जागलीला आम्ही चौघं मचाणावर होतो. तूर शेंगेवर आली आहे आणि रानडुकरांनी मागच्या आठवड्यात चार तासं आडवी केली. शेजारच्या वावरातल्या दादांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर आहे. तिच्यावरून विषय निघाला की जगात बंदूक घडवणारा सगळ्यात मोठा माणूस कोण. तिघांनी एका सुरात एके-४७ घडवणारा रशियाचा कलाश्निकोव्ह म्हटलं, मी एकटा पडलो. घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना, म्हणून इथं मांडतो.

माझं मत जॉन ब्राउनिंगला. जन्म १८५५, गाव अमेरिकेतल्या युटामधलं ऑग्डेन, बाप बंदुका घडवणारा. नावावर १२८ पेटंटं. पण आकडा बाजूला ठेवा. गोळी सुटली की तिच्यामागून नळीच्या तोंडातून वायूचा झोत निघतो. त्या झोतानं समोरचं गवत वाकताना ब्राउनिंगनं पाहिलं, अशी हकीकत सांगतात. आपण ते शंभर वेळा पाहून सोडून दिलं असतं. त्याला दिसलं की ही ताकद फुकट चालली आहे, तिच्याकडून पुढचं काडतूस भरून घेता येईल. त्यातूनच कोल्ट कंपनीची १८९५ ची मशीनगन निघाली. तिच्या नळीखालचा दांडा इतका खाली झुले की जमीन उकरे, म्हणून लोक तिला बटाटे खणणारी म्हणत.

पिस्तुलाची नळी झाकणारी सरकती स्लाइड आज जवळपास प्रत्येक पिस्तुलावर दिसते, ती त्याचीच. १९११ चं पिस्तूल अमेरिकी फौजेनं १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरलं. त्याची पॉइंट फिफ्टी, म्हणजे अर्धा इंची गोळीची मशीनगन आजही फौजांमध्ये चालू आहे. कलाश्निकोव्हनं एक बंदूक दिली. यानं बंदुकीच्या घराची अर्धी चौकट दिली.

माजी हवालदार, आर्वी
भाऊ, तुम्ही कारागिरी मोजता, मी परिणाम मोजतो. सतरा वर्षं फौजेत काढली. एसएलआर, इन्सास, एके, फौजेच्या या तिन्ही रायफली खोलल्या-जोडल्या आहेत, डोळ्यांवर पट्टी बांधूनसुद्धा.

एके कशामुळे चालते ते ऐका. आतल्या हलत्या भागांमध्ये जागा मुद्दाम सैल ठेवली आहे, म्हणून माती शिरली तरी तिला पसरायला जागा मिळते. गॅसचा दट्ट्या जड आहे आणि लांब धाव घेतो, म्हणून अडखळत नाही. काडतूस मागून पुढे निमुळतं आहे, त्यामुळे ते चेंबरमधून पटकन सुटतं. नवख्या पोराला एका दुपारी खोलजोड शिकवता येते. हे योगायोगानं होत नाही. शेवटी ती कोणाच्या हातात आणि कसल्या चिखलात जाणार, हे कलाश्निकोव्हला ठाऊक होतं. तो शेतकऱ्याच्या घरचा, १९४१ मध्ये ब्रियान्स्कजवळ रणगाड्यावर असताना जखमी झालेला. इस्पितळात पडल्या पडल्या त्यानं बंदुकीचा विचार सुरू केला आणि १९४९ मध्ये एके रशियन फौजेत आली. तिच्या सगळ्या भावंडांसकट जगात दहा कोटींच्या आसपास नग असल्याचा अंदाज आहे. मोझांबिकच्या झेंड्यावर ती आहे. ब्राउनिंगची कोणती बंदूक कोणत्या झेंड्यावर आहे, सांगा.

वणीकर
हवालदारसाहेब, झेंडा मान्य. पण तुमच्या एकेच्या उजव्या बाजूचा तो लांब सेफ्टीचा खटका रेमिंग्टनच्या मॉडेल एटच्या खटक्याशी ताडून पाहा. ती रायफल ब्राउनिंगची, एकेच्या चाळीस वर्षं आधीची. तुमच्या साहेबांच्या कमरेचं ईशापूर कारखान्याचं नाइन एमएम पिस्तूल म्हणजे ब्राउनिंगचं हाय-पॉवर. ते तो अर्धवट ठेवून गेला. १९२६ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्यात काम करतानाच त्याला मृत्यू आला. तिथल्याच दिउदोने साइव्हनं ते पुरं केलं आणि त्याच साइव्हनं पुढे एफएएल रायफल काढली. आपली एसएलआर तिचीच लेक. तिन्ही बंदुका हाताळल्या म्हणता, त्यातली एक तर ब्राउनिंगच्या मांडीवर शिकलेल्या माणसाची आहे.

जीनवाला, हिंगणघाट
राजेहो, तुम्ही दोघंही शेंड्यावर भांडून रायले, बुडाकडे कोणी पाहून नाई रायलं.

माह्या आजोबाजवळ परवान्याची भरमार होती. नळीच्या तोंडातून बारूद ठासा, छर्रे टाका, वरून चिंधी, मंग टोपी. एक खेप घोड्याची कमान तुटली. लोहाराच्या भात्यापाशी दोन दिवस बसा लागलं. तो कानशीनं घासे, लावून पाहे, पुन्हा घासे. शेजारच्या गावच्या भरमारीची कमान आणून पायली, बसलीच नाई. कारण दोन्ही बंदुका हातानं घडवलेल्या, एकीचं दुसरीले लागत नाई.

ज्यानं हे दुखणं मिटवलं तो मोठा. माहं मत एली व्हिटनीले. १७९८ मंदी त्यानं दहा हजार बंदुकांचा ठेका घेतला आणि म्हटलं की कोणताही भाग कोणत्याही बंदुकीत बसला पायजे. आणि हाच तो माणूस ज्यानं कापसातून सरकी काढायची जीन काढली. आमच्या पोटाचा धनी थोच.

भद्रावतीचा फिटर
जीनवाले भाऊ, दुखणं अगदी बरोबर पकडलं, माणूस चुकला. व्हिटनीनं ठेका १८०० पर्यंत पुरा करायचा होता, शेवटची खेप गेली १८०९ मध्ये. आणि त्याच्या बंदुका नंतर लोकांनी खोलून तपासल्या, तर चापाचे भाग एकमेकींत बसत नव्हते. काम खरं केलं ते जॉन हॉलनं, अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात, १८२० च्या दशकात. त्यानं प्रत्येक भागाला गेज, म्हणजे माप तपासायचे ठरीव साचे, लावले. माझं आयुष्य गेजवर गेलं आहे, म्हणून हे नाव कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या जिनिंगमधलं यंत्रही रोलरचं असेल, व्हिटनीचं तारेच्या दात्यांचं होतं.

फक्त शस्त्राचाच हिशेब करायचा तर मी मशीनगनवाला हायरम मॅक्सिम म्हणेन. गोळीच्या धक्क्यावरच पुढची गोळी भरायची, ही १८८४ ची युक्ती त्याची. पहिल्या महायुद्धात जर्मनांची मशीनगन मॅक्सिमची, इंग्रजांची व्हिकर्स त्याच्याच यंत्रावरची, रशियनांचीही मॅक्सिमच. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या रणात एकट्या इंग्रज फौजेचे १९ हजारांवर मेले, त्यांतले कितीतरी अशाच मशीनगनपुढे. एकाच माणसाचं यंत्र खंदकाच्या दोन्ही बाजूंना. यापुढे झेंडा काय आणि पेटंट काय.

जीनवाला, हिंगणघाट
हॉलचं नाव आजच ऐकलं. व्हिटनी वापस घेतो. यंत्र रोलरचंच हाय, हेही खरं.

मास्तरीण, गडचिरोली
मला "मोठा" हा शब्द टोचतो. मी जिथं शिकवते तिथं एके चित्रात बघावी लागत नाही. पोरं आवाजावरून कोणती बंदूक ते सांगतात. प्रभाव म्हणा, मोठेपण म्हणू नका.

आणि त्या माणसांनाही हे कळत होतं. कलाश्निकोव्ह २००२ मध्ये जर्मनीत बोलून गेला होता की त्यापेक्षा शेतकऱ्याच्या कामाचं काही यंत्र, निदान गवत कापायचं तरी, मी केलं असतं तर बरं झालं असतं. मरणाआधी त्यानं रशियन चर्चच्या प्रमुखाला पत्र लिहिलं, की माझ्या बंदुकीनं माणसं मेली तर त्यांचा दोषी मी का. तो २०१३ मध्ये गेला.

दांडा फिरवून गोळ्या झाडणारी बंदूक काढणाऱ्या गॅटलिंगचा प्रवास नेमका उलटा. कापूस लावणाऱ्याचा पोरगा, बापासोबत कापसाची यंत्रं बनवत वाढला, १८४४ मध्ये पेरणीयंत्राचं पेटंट घेतलं. आपल्या तिफणीत चाड्यावर मूठ धरली की दाणे नळ्यांतून उतरतात ना, तसंच वरच्या पेटीतून एकामागून एक खाली उतरणारं काडतूस त्यानं १८६२ च्या बंदुकीत आणलं. एका माणसानं शंभरांचं काम केलं तर फौजा लहान होतील, रोगराईनं मरणारे शिपाई वाचतील, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. फौजा लहान झाल्या नाहीत. माझ्या मते सगळ्यात जास्त प्रभाव याचा, कारण हातानं मारण्याचं काम यंत्राकडे त्यानं नेलं.

माजी हवालदार, आर्वी
बाई, गॅटलिंगला दांडा फिरवायला माणूसच लागत होता. आपोआप चालणारं मॅक्सिमनं आणलं, फिटर भाऊंचं खरं आहे. पण पत्राची गोष्ट तुम्ही सांगितली त्यावर मी बोलत नाही. मी ती बंदूक खांद्यावर घेऊन चाललो आहे. मत कलाश्निकोव्हलाच, आणि आता ते देताना जड जातं.

वणीकर
मास्तरीणबाई, शब्द बदलतो, "मोठा" काढून "प्रभावी" वाचा. गॅटलिंगचं पेरणीयंत्र मला माहीत नव्हतं. तरी ब्राउनिंग सोडत नाही. मॅक्सिमचं यंत्र बहुतेक संग्रहालयात गेलं, ब्राउनिंगचं अजून कामावर आहे.

जीनवाले भाऊ, आजोबांची भरमार आहे का अजून?

जीनवाला, हिंगणघाट
निवडणुकीच्या टायमाले ठाण्यात जमा केली होती, थे वापस आणलीच नाई. कमान अजून त्याच लोहाराच्या हातची असन.