कोंडा जातच नाहीये, मदत हवी आहे

वैतागलेला_जीव:
डोक्यात भयंकर कोंडा झालाय. सगळं करून झालं, काही उपयोग नाही. काळा शर्ट घालायची सोय राहिली नाही. शनिवारी ऑफिसचा कार्यक्रम आहे, तोपर्यंत जाईल असं काहीतरी सांगा, प्लीज लवकर.

घुबड:
सगळं म्हणजे काय काय? किती दिवस झाले? कोरडा पांढरा भुसा पडतो की तेलकट पिवळट?

तेलोबा:
टाळू कोरडी पडली की कोंडा होतो, सोपंय. रात्री कोमट तेल चोळून झोपा, सकाळी धुवा. मी १० वर्षं हेच करतोय.

घुबड:
१० वर्षं करताय म्हणजे गेला नाहीच की :) मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते, प्रत्येकाच्याच डोक्यावर, ती जगतेच मुळी त्वचेच्या तेलावर आणि ते तेल फोडताना ओलेइक ॲसिड सुटतं, ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही त्यांना खाज येते आणि पेशी भराभर सुटतात. तोच कोंडा. वरून तेल ओतलंत की तिला आयतं जेवण.

तेलोबा:
प्रत्येकाच्या डोक्यावर असते तर सगळ्यांना कोंडा का नाही?

मनस्वी_२:
ज्यांना सोसत नाही त्यांना, असं लिहिलंय ना वर. वाचा की राव.

फुलपाखरू:
जरा अवांतर, पण तिशीत केस पांढरे व्हायला लागलेत, कोणी काही करतं का?

वैतागलेला_जीव:
पांढऱ्या केसांचा वेगळा धागा काढा हो. ३ महिने झाले, तेलकट पिवळट आहे. लिंबू चोळून बघितलं, नुसती आग झाली. केटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू पण झाला, शून्य फरक.

मनस्वी_२:
शाम्पू डोक्यावर किती वेळ ठेवता?

वैतागलेला_जीव:
ठेवायचा म्हणजे? लावला की धुतो, शाम्पूच आहे ना.

मनस्वी_२:
तिथेच गोची आहे. २ टक्केवाला असेल तर ३ ते ५ मिनिटं ठेवायचा, तोही केसांना नाही, टाळूला. आठवड्यातून २ वेळा, असं २ ते ४ आठवडे. नंतरही १-२ आठवड्यांतून एकदा लावत राहायचं, बंद केलं की बुरशी परत वाढते. मुळापासून वगैरे जात नाही हो हा, आटोक्यात राहतो. शनिवारी पांढरा शर्ट घाला.

वैतागलेला_जीव:
बरं. भुवयांत आणि नाकाच्या बाजूला पण असंच सुटतं, लाल होतं, ते वेगळं असेल ना? म्हणून लिहिलं नव्हतं.

घुबड:
अहो हे आधी सांगायचं! हा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतो, कोंड्याचाच मोठा भाऊ. चेहऱ्यावर स्वतःचे प्रयोग नकोत, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कोपरा-गुडघ्यांवर जाड चंदेरी खपल्या आहेत का? मग सोरायसिसचं पण बघावं लागेल.

वैतागलेला_जीव:
कोपर साफ आहेत. सोमवारी दाखवतो. तोपर्यंत तेल?

तेलोबा:
लावा हो बिनधास्त.

घुबड:
नको हो!!