मदत हवी: 'उपासना आणि संगीत', पाच जण, ३८ स्लाइड, सूत्र सापडत नाही

रानजाई (रविवार, रात्री ९:४०)
नमस्कार. कॉलेजात गटानं सादरीकरण करायचं आहे, विषय 'उपासना आणि संगीत'. प्रत्येकानं आपापला भाग केला आणि काल सगळं जोडलं तर ३८ स्लाइड झाल्या. भजन, कव्वाली, गुरबानी, चर्च, बुद्धवंदना सगळं आहे आणि कशाचा कशाशी संबंध नाही. मॅडमनी आराखडा बघून "यात सूत्र कुठे आहे?" एवढंच विचारलं. आता गटात कुणी कुणाचं ऐकत नाहीये, माझी स्लाइड काढायची नाही असं प्रत्येकाचं म्हणणं. प्लीज कुणीतरी सूत्र सुचवा. सामान्य माहिती नको, ती नेटवर आहे. लवकर हवंय.

सातारकर_मास्तर (९:५८)
सादरीकरण कधी? वेळ किती मिळणार? कितवीचे विद्यार्थी, कोणत्या विषयाचे? तुम्ही स्वतः गाणार आहात की नुसतं बोलणार? हे कळल्याशिवाय सूत्र कसं सांगू?

पेटीवाला (१०:०५)
माझा सल्ला ऐका, पेटी शिका. संगीतावर बोलताना समोर सूर वाजला पाहिजे. काळी एकपासून (पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) सुरुवात करा, रोज अर्धा तास दिलात तर तीन महिन्यांत साधा अभंग साथीला घेता येईल. दोन भात्यांची जुनी पेटीही चालते, फक्त भाता गळत नाही ना ते बघून घ्या.

रानजाई (१०:११)
तीन महिने नाहीत हो, बुधवारी आहे.
मास्तर, टीवायला आहोत, समाजशास्त्र. १५ मिनिटं. गाणारं तसं कुणी नाही.

टाळकरी_आळंदी (१०:३४)
गाणारं कुणी नाही हे वाक्य वारकऱ्याला पटत नाही. आमच्याकडे गाणारा आणि ऐकणारा असे दोन वर्ग नसतात. काकड्याला बसलेला प्रत्येक जण गातो, ज्याचा सूर लागत नाही तोही.

ताई, तुमच्या भजनाच्या स्लाइडवर काय लिहिलंय माहीत नाही, पण हे बघून घ्या. भजनाला उभं राहिलं की आधी 'जय जय राम कृष्ण हरी', मग रूपाचा अभंग. मध्ये विणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकरी, आणि पखवाजी. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहारे लावतात. रात्री अडीच वाजताही कुणीतरी गळ्यात वीणा घेऊन उभा असतो, समोर ऐकायला कुणी असो नसो. एक जण चरण म्हणतो, बाकीचे धृपद, म्हणजे फिरून फिरून येणारी ओळ, धरतात. धृपद धरायला चुकलं की सगळं भजन पडतं. म्हणून नवख्या पोराला आधी टाळ देतात आणि धृपद धरायला लावतात, चाल सांगायला नंतर. वर्गात फक्त फोटो दाखवलात तर यातलं काहीही पोचणार नाही.

नांदेडकर (१०:५०)
गुरबानीचा भाग कोण करतंय? त्यात नामदेव आहेत का? नसतील तर आधी घाला. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि ती रोज गुरुद्वारांत गायली जातात. देऊळ फिरल्याची गोष्ट आपण औंढ्या नागनाथाशी जोडून सांगतो, तीच भैरव रागातल्या त्यांच्या पदात आहे. कीर्तन करणाऱ्याला हाताला धरून उठवलं आणि देवळानं त्याच्याकडे तोंड केलं. हा माणूस पंढरपूरचा आणि त्याचं गाणं अमृतसरला! पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५चं मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. लहानपणी नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात पहाटे गेलो की आजी पदातला एखादा मराठी शब्द ओळखायची आणि तिचे डोळे भरायचे.

पेटीवाला (१०:५७)
आणि तिथे साथीला पेटीच असते, हे नमूद करा.

नांदेडकर (११:०४)
असते, पण ती मूळची नाही. गुरू नानकांबरोबर भाई मरदाना होते आणि त्यांच्या हातात रबाब हे तंतुवाद्य होतं. पेटी युरोपातून आली. २०२२ साली अकाल तख्तानं, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठानं, हरमंदिर साहिबमध्ये (सुवर्णमंदिरात) पुन्हा तंतुवाद्यांकडे वळायला सांगितलं.

पेटीवाला (११:०९)
आकाशवाणीनंही १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, पुढे उठवावीच लागली. गावोगावच्या भजनी मंडळांना सूर कुणी दिला? तंबोरा खेड्यात किती जणांना परवडत होता? लोकांना एका सुरात आणणारं वाद्य परकं कसं?

टाळकरी_आळंदी (११:१५)
दोघांनाही हात जोडतो. पोरीला बुधवारी उभं राहायचंय.

स्लाइडवाले_काका (सोमवार, सकाळी ७:२०)
एक महत्त्वाचं. स्लाइडमध्ये यूट्यूबची लिंक टाकू नका, हॉलमधलं नेट ऐन वेळी जातं. आवाजाचे तुकडे फाइलमध्येच घाला आणि पेन ड्राइव्हवर दोन प्रती ठेवा. मराठी फॉन्टही त्यात एम्बेड करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. स्पीकर आदल्या दिवशी स्वतः वाजवून बघा.

माडाखाली (७:४८)
गोव्याहून लिहिते. चर्चच्या भागात मांडो घातला असेल तर काढा, दर वेळी कुणीतरी ही चूक करतं. मांडो हे घरातलं, लग्नातलं, प्रेमाचं गाणं आहे, उपासनेचं नव्हे. चर्चचं म्हणायचं तर उपवासकाळातले मोतेत, म्हणजे भक्तिगीतं, ऐका, दोन-तीन आवाज एकमेकांत गुंफलेले. पूर्वी प्रत्येक गावच्या चर्चला जोडून शाळा असायची, तिथे मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. त्याच मुलांनी पुढे मुंबईत सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. माझे मामा त्यातलेच, रविवारी मास (चर्चमधली उपासना) आणि सोमवारी रेकॉर्डिंग. त्यांच्या व्हायोलिनची पेटी अजून आमच्या कपाटावर आहे.

आणि फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण विसरू नका. १६१६ साली राशोलला छापलं, मराठीत, ओवीबद्ध. ओवी ही म्हणायची गोष्ट आहे, आणि ते चर्चमध्ये म्हटलं जायचं.

रानजाई (८:३०)
मांडो होता. काढला. धन्यवाद.
पण माहिती वाढतच चाललीय, मला कमी करायची आहे! एक सांगायचं राहिलं. कव्वालीचा भाग आमच्या मुस्लिम मित्राला दिला होता. तो काल म्हणाला, "माझ्या घरी कव्वाली होत नाही, वाद्यं चालत नाहीत. तुम्ही मला न विचारताच तो भाग दिलात." तो आता गटातून बाहेर पडायचं म्हणतोय. त्याच्या जागी दुसऱ्याला कव्वाली द्यावी का?

सातारकर_मास्तर (८:५५)
ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवी होती, सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. त्याला जाऊ देऊ नका. आधी सर्वांनी मिळून त्याची क्षमा मागा, न विचारता भाग देणं चूकच होतं. मग त्यालाच विचारा की तुझ्या घरी उपासनेत कानावर काय पडतं.

अत्तराची_कुपी (९:२०)
मुस्लिम घरातली आहे म्हणून लिहिते. कव्वाली ही चिश्ती दर्ग्यांची परंपरा, समा म्हणतात तिला, आणि अमीर खुसरोंपासूनचा तिचा मान मोठा आहे. माझ्या आजोळी उर्साला रात्रभर चालायची, वडिलांच्या घरी अजिबात नाही. दोन्ही घरं तितकीच श्रद्धाळू. आणखी एक, कुराणाच्या पठणाला 'संगीत' म्हणू नका. तिलावतीचे उच्चारांचे, थांबण्याचे काटेकोर नियम आहेत, ऐकून माणूस रडतो, पण म्हणणारा स्वतःला गायक समजत नाही. तुमचा मित्र हेच सांगू शकेल. अजान होते तेव्हा ऐकणारा मनातल्या मनात ते शब्द परत म्हणतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

मधुमालती (९:३३)
मला वाटतं सगळे धर्म समान घ्या, प्रत्येकी तीन मिनिटं. जैन स्तवनं आणि पारशी प्रार्थनाही घाला, नाहीतर कुणीतरी दुखावेल.

सातारकर_मास्तर (९:५०)
सात धर्म पंधरा मिनिटांत म्हणजे प्रत्येकाचा अपमान. माझा स्पष्ट विरोध आहे.

रानजाई, सूत्र वर लोकांनीच दिलंय, नीट वाचा. टाळकरी सांगतात, एक चरण म्हणतो आणि बाकीचे धृपद धरतात. अत्तराची कुपी सांगतात, अजान ऐकणारा शब्द मागून म्हणतो. गुरबानीत 'रहाउ'ची ओळ असते, तीच फिरून फिरून येते आणि संगत, म्हणजे जमलेले भाविक, ती उचलते. बुद्धवंदनेत भन्तेजी त्रिशरण-पंचशील देतात आणि उपासक एकेक ओळ मागून म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखो लोकांनी ते असंच म्हटलं, वाद्य नाही, चाल नाही, फक्त पाली शब्द आणि एकत्र आवाज. चर्चमध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात, मास लोकभाषांत होऊ लागला आणि बाकांवरचे लोक आपल्या भाषेत उत्तर देऊ लागले.

म्हणून विषय असा ठेवा: 'एक म्हणतो, बाकीचे उचलतात.' पाच जणांनी फक्त एवढंच सांगायचं, की आमच्याकडे कोण म्हणतं, कोण उचलतं, हातात काय असतं, आणि उचललं नाही तर काय होतं. संस्थापक, सनावळ्या, वाद्यांचे फोटो सगळं काढा. पाच स्लाइड पुरतात.

माडाखाली (१०:०२)
हे फार आवडलं. आमच्या गायनमंडळात मी मधल्या आवाजात गाते. लोक उत्तर देतात त्या क्षणी मागे वळून बघावंसं वाटतं.

नांदेडकर (१०:१०)
सनावळ्या काढा, पण नामदेव काढू नका.

कोकणमेवा (१०:२५)
बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांची मराठी कीर्तनंही असतात! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत अब्राहम, योसेफ यांच्या आख्यानांवर व्हायची. नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तनंही व्हायची, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आजही चर्चमध्ये म्हणतात. आमच्या अलिबागला शेजारच्या बेने इस्रायली घरातून मलिद्याचं (त्यांच्या प्रसादाचं) बोलावणं यायचं, पोहे, खोबरं, फळं... त्या पोह्यांची चव अजून तोंडात आहे. मलिद्याची कृती हवी असेल तर देते.

रानजाई (मंगळवार, रात्री ८:१५)
सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही पाचही जण कॅन्टीनला बसलो. मित्राची माफी मागितली. तो थांबतोय, अजान आणि जमातीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या, नमाजबद्दल बोलणार आहे. इमाम फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) म्हणतात आणि सगळी रांग 'आमीन' म्हणते, त्यावर. तो आवाजाचा तुकडा लावणार नाही, नुसतं सांगणार आहे, आणि ते आम्हा सगळ्यांना पटलं. कव्वाली काढली. ३८च्या ६ स्लाइड झाल्या, नामदेव आहेत.

शेवटची शंका. भजनाचा भाग माझ्याकडे आहे. वर्गाला धृपद धरायला लावायचा विचार आहे, एकच ओळ. टाळ मैत्रिणीच्या बाबांकडून आणलेत. वर्गात हे करणं बरं दिसेल का? आणि कुणी म्हटलंच नाही तर?

टाळकरी_आळंदी (८:४०)
चपला दाराशी काढा, तुमच्या तरी. टाळ जमिनीवर आपटू नका, पाय लागू देऊ नका. आधी नुसतं 'जय जय राम कृष्ण हरी' घ्या, खालच्या पट्टीत, संथ. पहिल्या वेळेला कुणी उचलणार नाही. थांबू नका, समजावू नका, दुसऱ्यांदा म्हणा. गटातल्या चौघांना मागच्या बाकांवर वेगवेगळे बसवा, त्यांनी उचलायचं. तिसऱ्या वेळेला बाकीचे येतात. हे मी चाळीस वर्षं बघतोय.

अत्तराची_कुपी (८:४४)
आणि ज्याला म्हणायचं नसेल त्याला गप्प बसू द्या, हे सुरू करण्याआधीच सांगा.

टाळकरी_आळंदी (८:४६)
बरोबर. आमच्याकडेही मागे नुसते ऐकत बसणारे असतात, त्यांना कुणी उठवत नाही.

पेटीवाला (८:५१)
पट्टी काळी दोन घ्या. मुलामुलींना मिळून जमेल.